जानेवारीचा ४.० आणि मे महिन्याचा ३.९

लग्नाच्या व्हिडिओत सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, तर वाट बघण्यात. कापाकापी, गाणी लावणं, वरमाईचा तोच शॉट कॅमेरावाल्याने चार वेळा का घेतलाय याचा शोध लावणं, हे दोन-तीन दिवसांत उरकतं. मग रेंडर लावायचं, म्हणजे सगळे तुकडे जोडून मशीनला अखेरची फाइल बनवायला लावायची, आणि ओट्यापाशी जायचं. हळद आणि संगीत यांचा माझा ठरलेला वीस मिनिटांचा तुकडा असतो, त्याला माझं मशीन ५५ मिनिटं घ्यायचं. तेवढ्यात दोन वेळचा स्वयंपाक होतो. नंतर गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, आत्याचं नाव चुकलंय." की पुन्हा ५५ मिनिटं.

विक्रोळीला कन्नमवार नगरात आमची दोन खोल्यांची जागा. आतल्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्या बेचक्यात माझं टेबल आणि त्याखाली कॅबिनेट. मशीन २०१९चं, प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५ २६००. सहा कोर, म्हणजे एकाच वेळी राबणारे सहा भाग, आणि प्रत्येकाचे दोन असे बारा थ्रेड, म्हणजे कामाच्या बारा रांगा. डब्यावर मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ आणि चढता वेग ३.९ असं लिहिलेलं. त्या ३.९ला मी बरीच वर्षं भुलले होते. तो वेग एखाद्या कोरला काम असताना मिळतो. रेंडरला सहाही कोर जुंपले की गाडी ३.६ ते ३.७लाच थांबते.

माझा भाचा ठाण्याला इंजिनिअरिंग करतो. दिवाळीला आला तेव्हा माझं वाट बघणं बघून म्हणाला, "मावशी, ओव्हरक्लॉक का नाही करत? फुकटचा स्पीड आहे."

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात आणि संशयही येतो. प्रोसेसरची तीन वर्षांची वॉरंटी संपलेली होती, हे बरंच झालं, कारण ओव्हरक्लॉक करून काही जळलं तर वॉरंटी तशीही चालत नाही. वॉरंटी चालू असती तर मी हात लावला नसता. तुमची चालू असेल तर निदान हे माहीत असू द्या.

करायचं काय असतं, ते भाच्याने मला पोळ्या लाटता लाटता समजावलं. प्रोसेसर ज्या मदरबोर्डावर बसतो, त्या बोर्डावर १०० मेगाहर्ट्झचा एक ठोका असतो. प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. ३४ने गुणलं की ३.४ गिगाहर्ट्झ, ४०ने गुणलं की ४.०. ओव्हरक्लॉक म्हणजे तो गुणाकार हाताने वाढवायचा. सगळ्यांना ही मुभा नसते. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के हे अक्षर असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. रायझनमध्ये बहुतेक प्रोसेसर मोकळे असतात, पण बोर्ड तसा हवा. ए३२०वर जमत नाही, बी४५०वर जमतं. माझा बी४५० निघाला. पूर्वी हा ठोकाच वाढवायचे म्हणे. १९९८चा सेलेरॉन ३००ए, ६६चा ठोका १००वर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा सरळ ४५० व्हायचा. दीडपट! आता कंपन्या आपला प्रोसेसर आधीच पिळून देतात. आपल्याला उरतो तो तळाचा थेंब, आणि तो काढायला गेलं की चटका बसतो.

हे आकडे बदलतात ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये. मी लगेच बायोसमध्ये जायला निघाले होते. भाचा म्हणाला, "आधी ताप तर बघ." एचडब्ल्यू इन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाकला आणि रेंडर लावलं. दहा मिनिटांत तापमान ८८ अंश. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५. आणि वेग हळूहळू घसरून ३.५. म्हणजे जो वेग मला मिळायला हवा होता, तोच मशीन तापून गमावत होतं, आणि मी त्याच्यावर आणखी ओझं टाकायला निघाले होते.

म्हणून पहिली खरेदी प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरची. शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण तसं विचारलंत तर टॅक्सीवालाही क्षणभर थांबतो. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. काउंटरवरच्या माणसाने मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, "बेटे के लिए चाहिए क्या?" मी म्हटलं, बेटा नाहीये, टॉवर कूलर दाखवा, १२० मिलिमीटरचा पंखा, एएम४चा ब्रॅकेट सोबत असलेला. (एएम४ हे माझ्या बोर्डावरच्या सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेचं नाव.) मग तो नीट बोलायला लागला. घरून शिवणाच्या टेपने कॅबिनेटची आतली रुंदी मोजून नेली होती, ती कामी आली. हे कूलर दीडशे मिलिमीटरच्या वर उंच असतात. अरुंद कॅबिनेटचं झाकण बंदच होत नाही.

यापुढचा भाग मी टाळणार होते, पण तुमचे पैसे वाचणार असतील तर सांगते.

जुना कूलर काढताना मी चार स्क्रू सोडवले आणि कूलर सरळ वर ओढला. निघेना. जोर लावला. चर्र असा आवाज झाला आणि कूलर हातात आला, त्याच्या बुडाला प्रोसेसर चिकटून. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे जावी म्हणून दोघांच्या मध्ये लावलेली पेस्ट सुकून पानाच्या डब्यातल्या चुन्यासारखी कडक झाली होती. या सॉकेटची रचनाच अशी की पिना प्रोसेसरला असतात, एक हजार तीनशे एकतीस पिना, आणि वरून दाबून धरणारी पट्टी नसते. त्यामुळे पेस्टने धरलं की सगळंच वर येतं. प्रोसेसर उजेडात तिरका धरला. रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या रांगा, आणि एका कोपऱ्यात चार ठिपके ओळीतून सुटलेले.

मी खाली बसले. सासूबाईंनी विचारलं, "काय तुटलं?" म्हटलं, अजून काही नाही.

भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "मावशी, पेन-पेन्सिल आहे का घरात?" शेजारच्या मुलीची ०.७ची पेन-पेन्सिल आणली. तिच्यातलं शिसं काढून टाकायचं, टोकाची बारीक नळी वाकड्या पिनेवर अलगद बसवायची आणि केसाएवढं सरळ करायचं. एका झटक्यात नाही. तीन-चार वेळा, मध्ये थांबून, शेजारच्या रांगेशी ताडून. चार पिनांना मला सव्वा तास लागला. चौथी जवळपास आडवी झाली होती. ती उचलताना मी श्वास धरून बसले होते. प्रोसेसर सॉकेटमध्ये आपल्या वजनाने अलगद पडायला हवा, दाबून बसवायचा नसतो. तिसऱ्या खेपेला पडला.

ही सगळी कसरत टळली असती. कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं कामाला लावायचं, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून, वायर काढून, स्क्रू सोडवायचे आणि कूलर डावी-उजवीकडे पिळत, बरणीचं झाकण फिरवतात तसा, सैल करायचा. त्यानंतरच वर उचलायचा.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पेस्ट पुसली, नवी मधोमध तुरीच्या दाण्याएवढी टाकली आणि कूलर बसवला. त्याच रेंडरला तापमान ६६. वेग ३.६५च्या आसपास स्थिर. ५५ मिनिटांचं काम ५२ मिनिटांत. अजून ओव्हरक्लॉकचा श्रीगणेशाही झाला नव्हता.

बायोसमध्ये शिरल्यावर आणखी एक लाज पदरात पडली. माझी रॅम ३०००ची, आणि चार वर्षं चालत होती २१३३वर. रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी नावाचं एक बटण चालू करायचं राहिलं होतं. जोडून देणाऱ्याने केलं नाही, मी कधी बघितलं नाही. पण एक्सएमपी हाही एक प्रकारचा ओव्हरक्लॉकच असल्यामुळे भाच्याने ते आत्ता चालू करू दिलं नाही. "एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर बंद पडल्यावर कुणाला दोष देणार?" ते पटलं. माझे आकडे गोंधळू नयेत म्हणून रॅम शेवटपर्यंत तशीच ठेवली.

त्याआधी गिऱ्हाइकांचं सगळं काम बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. बायोसची नवी आवृत्ती टाकली, तीही यूपीएसवर असताना. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्डच मरू शकतो. मुंबईत वीज जात नाही, असं आपण म्हणतो. १२ ऑक्टोबर २०२०च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या शहराची गेली होती. यूपीएस मी त्यानंतरच घेतला.

आता व्होल्टेज. वेग वाढवला की प्रोसेसरला तेही जास्त लागतं. नवशिक्याने भ्यायचं असेल तर यालाच भ्यावं. नुसता वेग जास्त झाला तर मशीन बंद पडतं, पुन्हा सुरू करता येतं. व्होल्टेज जास्त झालं तर प्रोसेसर कायमचा झिजतो. वेग बदलून व्होल्टेज ऑटोवर सोडलं तर काही बोर्ड मशीन चालू ठेवण्याच्या नादात भरमसाट देतात, म्हणून ते हाताने ठरवायचं. या पिढीच्या रायझनला रोजच्या वापरात १.३५च्या वर जाऊ नये, असं जाणकार सांगतात. मी स्वतःसाठी १.३ची लक्ष्मणरेषा आखली. एक गंमत बघितली: काहीच न बदलता, नुसतं ब्राउझर उघडं असताना, प्रोसेसर स्वतःहून क्षणभर १.४च्या वर उडी मारतो. ते बघून घाबरू नका आणि "मग मीही १.४ देते" असंही म्हणू नका. तो एका कोरला, हलक्या कामाला, क्षणभर घेतो. सहा कोर तासभर जुंपताना हाताने तेवढं देणं ही वेगळी गोष्ट आहे.

उष्णतेचा हिशेब मी वहीत मांडला. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. माझं मशीन मुळात १.२च्या आसपास व्होल्टवर ३.६५ देत होतं. ते १.३वर ४.० करायचं, तर वेग साडेनऊ टक्के जास्त आणि वीज सुमारे २८ टक्के. फुकटचा स्पीड तो हाच.

२०२३च्या जानेवारीत, रात्री जेवणं आटोपल्यावर सुरुवात केली. खिडकी उघडी, खाडीकडून गार हवा, खोलीत २४ अंश. पहिलं पाऊल ३८चा गुणाकार, म्हणजे ३.८ गिगाहर्ट्झ, आणि १.२५ व्होल्ट. सिनेबेंच हा सगळ्या कोरना जुंपून परीक्षा घेणारा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवला, ताप बघितला, ठीक. ३९ आणि १.२५, ठीक. ४० आणि १.२५, सिनेबेंच मधेच गायब झालं, मशीन मात्र चालू. १.२७५ दिले, सिनेबेंच पास.

मला वाटलं झालं. भाचा म्हणाला, "आता प्राइम९५." मर्सेन या गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खास मूळ संख्या शोधायला केलेला हा प्रोग्रॅम. त्याच्या आकडेमोडीची उत्तरं ठाऊक असतात, त्यामुळे प्रोसेसर चुकला की त्याला कळतं. थ्रेडगणिक एक, अशा त्याच्या बारा खिडक्या. चौदाव्या मिनिटाला त्यातली एक थांबली. राउंडिंग ०.५ आलं, ०.४पेक्षा कमी अपेक्षित होतं, असं काहीतरी. मशीन बंद नाही, विंडोज कोसळल्यावर येतो तो निळा पडदा नाही, बाकी अकरा आपल्या चालूच. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. निळा पडदा येतो तेव्हा निदान कळतं. इथे प्रोसेसर चुकीचा गुणाकार करून गप्प बसला होता. हीच चूक कुणाच्या सप्तपदीच्या फाइलमध्ये शिरली असती तर मला ती गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर दिसली असती.

१.३ दिले. बायोसमध्ये १.३ लिहिलं तरी ओझ्याखाली १.२७ दिसतं, तेवढी घसरण होतेच. ती भरून काढायची सेटिंग असते, पण पहिल्याच दिवशी तिला टोकाला नेऊ नये. प्राइम९५ दोन तास चाललं, ताप ८० पर्यंत गेला, एकही खिडकी थांबली नाही.

थांबायला हवं होतं. माणूस थांबतो का? ४१ करून बघितलं. पडदा काळा. पंखे फिरतायत, कीबोर्डचा दिवाही लागत नाही. काही बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून आपोआप मूळ पदावर येतात, माझा आला नाही. रात्रीचे साडेबारा. वायर काढली, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल, घड्याळात असतो तसा गोल, नखाने उचकटला, पाच मिनिटं थांबले, परत बसवला. मशीन सुरू झालं. तारीख भलतीच आणि माझी सगळी सेटिंग पुसलेली. त्या दिवसापासून प्रत्येक पायरीचे आकडे वहीत लिहायला लागले आणि चाललेली सेटिंग बायोसच्याच प्रोफाइलमध्ये साठवायला.

४.० गिगाहर्ट्झ, १.३ व्होल्ट. रेंडर ४७ मिनिटं ३० सेकंद, ताप ७२. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, लग्नं होत राहिली. मी भाच्याला श्रीखंड पाठवलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनला, ९१ टक्क्यांवर रेंडर असताना निळा पडदा. संध्याकाळी पेनड्राइव्ह द्यायचा होता. पुन्हा लावलं, ६३ टक्क्यांवर पुन्हा तेच. काही बदललं नव्हतं. सेटिंग तीच, फाइल साधी.

उकाड्याने मलाच काही सुचत नव्हतं. पंखा पाचवर, पाठीला ब्लाउज चिकटलेला. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे लक्ष गेलं आणि डोक्यात प्रकाश पडला. ३४. जानेवारीत परीक्षा घेतली तेव्हा २४. कूलर काही हवा गार करत नाही. खोलीच्या हवेपेक्षा प्रोसेसर जितका वर, तितकाच वर राहतो. खोली दहा अंशांनी चढली की तोही दहाने चढतो. ७२चे ८२. त्यात पुढच्या जाळीवर चार महिन्यांची धूळ, तिचे आणखी तीन-चार. आणि सिलिकॉन जितकं तापेल तितकं त्याच वेगाला त्याला जास्त व्होल्टेज लागतं. जानेवारीत जेमतेम पुरलेले १.३ मे महिन्यात कमी पडले. आणखी दिले तर आणखी तापणार. मी परीक्षा घेतली होती, पण सगळ्यात सोप्या महिन्यात.

दमटपणाचा याच्याशी फारसा संबंध नाही, असं भाचा म्हणतो. तो माणसाला त्रास देतो, प्रोसेसरला नाही. खाडीजवळच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं धातू खराब होतो, ते वेगळं.

त्या संध्याकाळी सगळं ऑटोवर टाकून रेंडर केलं आणि पेनड्राइव्ह रात्री साडेनऊला नेऊन दिला. नवऱ्या मुलाच्या काकांनी तोंड वाकडं केलं. केलं तर केलं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी दोनला बसले. जाळी नळाखाली धुऊन वाळवली, खिडकीत ऊन, खोली ३४. ३९ आणि १.२५ व्होल्ट. प्राइम९५ दोन तास, ताप ८४. माझी स्वतःची हद्द ८५ ठेवली होती, म्हणजे काठावर का होईना, आत. रेंडरला ७८. वेळ ४९ मिनिटं.

वही उघडून बघितलं. ५५चे ४९ झाले, सहा मिनिटं वाचली. त्यातली तीन नव्या कूलरने आणि तुरीच्या दाण्याएवढ्या पेस्टने. ओव्हरक्लॉकने तीन. त्या तीन मिनिटांसाठी सहा-सात रात्री, चार पिना आणि एका काकांची नाराजी. करायचं का, असं कुणी विचारलं तर मी विचारते, मशीन उघडून साफ कधी केलं होतंस? ते केलं असेल तर कर, मजा येते. पहिल्या पगारातून घेतलेल्या एकुलत्या एक मशीनवर, दुसऱ्या दिवशी काम द्यायचं असताना, करू नकोस.

बायोसमध्ये आता दोन प्रोफाइल आहेत. एकाचं नाव जानेवारी, दुसऱ्याचं मे. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मंडळाच्या आगमनाचा व्हिडिओ घाईत हवा होता. भाचा टेबलाशी बसला होता. म्हणाला, "मावशी, पाऊस आहे, गार आहे, जानेवारीवालं लावू?" थर्मामीटर ३१ दाखवत होतं. म्हटलं, मेच राहू दे, आणि जरा सरक, कुकर लावायचाय.